देठांचे पाणी

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार. चिंचवड.

सकाळी मेथी निवडली. सात जणांची भाजी. पाने परातभर आणि देठांचा ढीग त्याहून मोठा. हा ढीग रोज घरमालकीण आक्काबाईंच्या म्हशीपुढे जातो. आज उचलताना हात थांबला. माझी आमटी पातळ आणि बेचव होते, हे मला माहीत आहे. जेवणारे भले आहेत, बोलत नाहीत. पण दुसऱ्यांदा आमटी कोणी मागत नाही. आमटीला चव नाही म्हणून झुरायचे आणि मेथीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, मटारच्या साली म्हशीला घालायच्या, हे तर्काला धरून नाही.

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यातली एक सिस्टर भाज्यांच्या टाकाऊ भागांचे पाणी उकळून, गाळून द्यायची. दुसरे काही पोटात ठरत नव्हते, ते ठरायचे. मी कृती विचारली तेव्हा ती म्हणाली, "कृती कसली? जे फेकणार ते आधी उकळून बघायचं." तिचे नाव विचारायचे राहिले. हे ज्या समाधानाने ते पाणी प्यायचे, त्यासाठी मी तिला रोज मनात नमस्कार करते.

खानावळीला अडीच महिने झाले. सातही जण पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातले. कोणी कऱ्हाडकडचे, कोणी बीडचे, बायकामुले गावी. हे तिथेच स्टोअरमध्ये कारकून होते, त्या ओळखीने आले. बोली अशी की धान्य त्यांनी आपापल्या गावाहून आणायचे, भाजी-तेलाची वर्गणी काढायची आणि रांधण्याची मजुरी मला वेगळी द्यायची. त्या मजुरीत या दोन खोल्यांचे भाडे निघते. शाळेत अर्ज केला होता, बी. ए. आहे पण शिक्षकाची बी. टी. नाही, म्हणून परत आला.

नगरहून लक्ष्मणचे पत्र आले आहे. "ताई, तू शिकलेली, आणि सात पुरुषांची ताटे घासतेस. आम्हाला झोप लागत नाही. इथे ये, मुलांना शिकव, घरचीच म्हणून राहा." धाकटा भाऊ असे लिहितो, हे केवढे भाग्य. तरी जावेसे वाटत नाही. तिथे मला जागा मिळेल. इथे ती माझी आहे. हा अहंकार आहे का? असेल. त्याला उत्तर लिहिले की संक्रांतीपर्यंत बघते. पाच जणांपर्यंत खानावळ तरेल. चारांवर आली तर मी निमूट येईन.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला प्रयोग फसला. देठ, साली, कोबीचा दांडा, सगळे पितळी पातेल्यात उकळले. उतरवताना चव यावी म्हणून चिंचेचा कोळ घातला आणि तसेच ठेवून दिले. पातेल्याची कल्हई तळाशी उडाली आहे, हे मला दिसत होते. संध्याकाळपर्यंत पाणी कळकले; वर हिरवट तवंग. आंबट आणि पितळ यांचे काय होते हे चिंचवडची अक्षरशत्रू मुलगीही जाणते.

निदान म्हशीला तरी घालावे म्हणून अंगणात नेले, तर आक्काबाई म्हशीआड उभ्या राहिल्या.

"उकिरड्यावर वता ते, कुसुमताई. माझी म्हस मारता का काय? दोन येळचं दूध देती ती. तुमच्या बीयेपरीस कामाची हाय."

हसू आले. खरेच होते ते.

२१ नोव्हेंबर, बुधवार

कुंभाराकडून बसके मडके आणले. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले, मग त्यात तांदळाचे धुवण उकळून टाकले, तेव्हा मातीचा वास गेला. देठ तीन पाण्यांतून धुतले, कारण मातीचा एक कण राहिला तरी सगळे करकरते. मटारच्या साली ठेचून, कोबीचा दांडा उभा चिरून, कांद्याची वरची जाड साल, आल्याचा तुकडा, चार मिरी, मीठ. मुळ्याचा पाला घ्यायचा नाही, कडू करतो. मंद जाळावर तिसरा हिस्सा आटेपर्यंत ठेवले आणि पंच्यातून गाळले. तांबूस सोनेरी, पारदर्शक पाणी आले. वाटीभर चाखले आणि क्षणभर त्या दवाखान्याच्या खाटेपाशी जाऊन आले.

आमटीला साध्या पाण्याऐवजी हेच घातले. जेवताना द्वैभाषिक राज्यावरून वाद चालला होता. एकाएकी वाद थांबला. बीडचा ज्योतीराम, पंगतीतला सगळ्यात बडबड्या, वाटी तोंडाला लावून बसला होता.

"बाई, ह्यात काय घातलंय ओ आज?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं न्हाई. नेहमीच्या आमटीत मी माझं तोंड बघत होतो."

सगळे हसले. कऱ्हाडचे हिंदुराव, फिटर, पन्नाशीला आलेले, कधी स्तुती करत नाहीत. त्यांनीही वाटी पुढे केली. दुसऱ्यांदा! चोथा म्हशीला दिला. आक्काबाई म्हणाल्या, "रस तुमास्नी आन् चोथा माझ्या जनावराला! दुधात पानी घालनारा गवळी बरा म्हनायचा." पण म्हशीने तो खाल्ला.

आजचा दिवस चांगला गेला. कृतज्ञ आहे.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

साठवणीचा प्रश्न. रोज नवे करायला इंधन पुरत नाही, म्हणून तीन दिवसांचे एकदम करते. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी वर बुडबुडे दिसले, आंबूस वास आला. सगळे ओतून दिले. आता सकाळ-संध्याकाळ खळखळून एक-एक उकळी देते, थंड होईपर्यंत ढवळत नाही, तोंडाला ओले फडके बांधते आणि मडके ओल्या वाळूत ठेवते. तीन दिवस टिकते. चौथ्या दिवसाचा मोह मी करत नाही.

वाळू ओली राहायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे मोरीचा कोपरा. तिथे सावली आहे, गारवा आहे, पाणी हाताशी आहे. खरकटी ताटे दुसऱ्या बाजूला असतात. सर्व बाजूंनी विचार करता तीच जागा योग्य ठरते.

एक गोष्ट टोचते. हे पाणी कशाचे, ते मी पंगतीला सांगितलेले नाही. कोणी नीट विचारले नाही, हे खरे. ज्योतीरामने विचारले तेव्हा मी "नेहमीचंच" म्हणाले, हेही खरे. न सांगणे आणि लपवणे यांत अंतर किती? भाज्या त्यांच्या वर्गणीतल्या आहेत, देठही त्यांचेच. त्यांचेच त्यांना मिळते आहे, असे म्हणून आज स्वतःची समजूत घातली. समजूत घालावी लागली, हे लिहून ठेवते.

८ डिसेंबर, शनिवार

सातांपैकी एक जण गावी परतला, त्याच्या जागी एक तारखेपासून बबनराव आले आहेत. रत्नागिरीकडचे, कारखान्यात टाइमकीपर. ताट पुसून घेतात, पाणी गाळून पितात, पण बोलतात सभ्य. आधीच्यांपैकी दोघे त्यांच्याच खोलीत राहतात. मिळून सात कायम.

मन मात्र अस्वस्थ आहे. आठ दिवसांपासून भाकरी उरतात. भांड्यात, ताटात नव्हे. हिंदुराव पूर्वी चार घ्यायचे, आता दोनवर "पुरे" म्हणतात, आणि म्हणण्याआधी टोपलीत डोकावून बघतात. ज्योतीराम पाचावरून तीनवर आला. भाजीही भांड्याच्या तळाशी राहते. आमटी तेवढी संपते.

कालची गोष्ट. चौकातल्या गाड्यावर ज्योतीराम फुटाणे खाताना दिसला. मला बघताच पुडी खिशात घातली. म्हणजे माझे जेवण त्याला जात नाही आणि पोराला बाहेर पोट भरावे लागते. बाजरी जुनी आहे का? पीठ आजपासून बारीक दळायचे.

उरलेले टाकवत नाही. भाजीचा रस पुन्हा मडक्यात घालून उकळते. भाकरीचा सकाळी कुटका करते, देठांच्या पाण्यात शिजवून, वर तिखट-मीठ आणि तेल. आज तो सगळ्यांना न्याहारीला दिला. हिंदुराव ताटलीकडे बघत राहिले.

"हे कालच्या भाकरीचं?"

"हो. वाया जाऊ नये म्हणून."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ज्योतीरामकडे बघितले. ज्योतीराम ठसका लागल्यासारखा बाहेर गेला. कुटका तिखट झाला असावा.

१४ डिसेंबर, शुक्रवार

जात्यावर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. थंडी फार आहे. चोळी सैल झाली आहे, धुऊन धुऊन सुती कापड सैल पडतेच.

माझ्या जेवणाबद्दल इथे नोंद करून ठेवते, म्हणजे पुढे मनात गोंधळ नको. धान्य त्यांच्या गावाचे, त्यांच्या बायकांनी पाखडून पाठवलेले. भाजी त्यांच्या वर्गणीची. बोली झाली तेव्हा माझ्या जेवणाचा विषय निघाला नाही. ज्याचा उल्लेख नाही ते आपले नाही, असे मी धरते. म्हणून माझ्या मजुरीतून आणलेल्या तांदळाची पेज मी वेगळी करते, एकवेळ. एकटीला किती लागते? त्यांच्या परातीत उरलेल्या पिठाचाही मी दुसऱ्या दिवशीच्या पिठात हिशोब धरते. आता विचारायला जावे, तर ते विचारणे राहत नाही, मागणे होते. आणि नाही कोण म्हणणार? भिडेने हो म्हणतील.

हिंदुराव अलीकडे निघताना दारात थांबून विचारतात, "बाई, तुमचं जेवान झालं का?" मी म्हणते, "होईल." खेड्यातली माणसे शिष्टाचाराला किती पक्की असतात!

२३ डिसेंबर, रविवार

आज वांग्याची भाजी जमली होती. तरी हिंदुरावांनी भाजीची वाटी तशीच सोडली. काठोकाठ भरलेली, ताटाच्या कडेला सारलेली, भाकरीचा कणही नाही तिच्यात. मला इतके वाईट वाटले की ती तशीच उचलली आणि मोरीच्या कोपऱ्यात मडक्यात उपडी केली. मागे वळले तर बबनराव हात धुवायला आले होते. मी तांब्या भरून दिला.

२ जानेवारी १९५७, बुधवार

नवे वर्ष चांगले उजाडले नाही. बबनरावांच्या खोलीतले दोघे कालपासून येत नाहीत. निरोप बबनरावांनीच दिला, "त्यांच्या पोटाला मानवत नाही म्हणतात." ते स्वतः येतात, पण आमटी घेत नाहीत. कोरड्या भाकरीबरोबर चटणी खातात आणि माझ्या हातांकडे बघतात.

पाच उरले. आणखी एक गेला की लक्ष्मणला दिलेला शब्द माझ्यावर येतो.

५ जानेवारी, शनिवार

आक्काबाईंनी आज भीड सोडली. भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "रागवू नगा, पन गावात काय बोलत्यात ते तुमास्नी कोन सांगनार? म्हनत्यात, बाई ताटातलं उष्टं गोळा करती, मोरीपाशी मडक्यात ठिवती आन् उकळून परत वाढती."

मी हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाले, "ते देठांचं पाणी आहे. तुम्ही स्वतः बघितलंय."

"मी बघितलंय. पन मडकं मोरीपाशी कशापायी ठिवलं? खरकट्याची जागा ती. तितं गंगा जरी भरून ठिवली तरी मानूस उष्टंच म्हननार."

"तिथे गारवा आहे म्हणून."

"गारवा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं, आमच्या माजघराच्या कोपऱ्यात काय आग लागलीया? सांगायचं का न्हाई?"

मी तर्काने जागा निवडली होती. तर्कात वाळू होती, पाणी होते, सावली होती. माणूस नव्हता.

संध्याकाळी मडके आक्काबाईंच्या माजघरात हलवले. बबनरावांना बोलावून सगळी कृती दाखवायची आणि आळ खोटा पाडायचा, असे ठरवले. वाक्ये मनात जुळवली: "या मडक्यात उष्ट्याचा थेंबही कधी पडलेला नाही." आणि तिथेच अडखळले.

९ जानेवारी, बुधवार

चार दिवस हेच डोक्यात आहे. तेवीस डिसेंबरची नोंद पुन्हा पुन्हा वाचली. हिंदुरावांची वाटी. तिला तोंड लागले नव्हते, भाकरी बुडाली नव्हती. पण ती त्यांच्या ताटात वाढलेली होती, ते ताटावरून उठले होते, आणि ताटावरून उठल्यावर ताटातले सगळे उष्टे, हे माझ्या आईने मला अक्षरओळखीच्या आधी शिकवले. मी ती वाटी मडक्यात ओतली आणि ते पाणी सात जणांच्या आमटीत गेले. बबनरावांनी बघितले ते खरेच बघितले.

एकदाच, असे म्हणता येईल. उकळीत सगळे शुद्ध होते, असेही म्हणता येईल. औषधाच्या कारखान्यातली माणसे आहेत, त्यांना पटेलही. पण ज्याने विश्वासाने पान मांडले त्याला हे निवडायचा हक्क होता आणि मी त्याला विचारले नाही.

सांगितले नाही तर बबनराव कदाचित चटणी-भाकरीवर राहतील आणि पाचांवर खानावळ तरेल. सांगितले तर ते नक्की जातील, कदाचित सगळेच. संक्रांत पाच दिवसांवर आहे. लक्ष्मणचे दुसरे पत्र आले, "खोली सारवून ठेवली आहे." भाऊ इतका चांगला नसता तर न जाण्याचा हट्ट सोपा झाला असता.

रविवारी भोगी. सगळ्यांना सुट्टी. त्या दिवशी सांगायचे.

१३ जानेवारी, रविवार. भोगी.

जे झाले ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी त्यात माझ्या सोयीचे काही घालीन.

पहाटेपासून भोगीची भाजी केली. आक्काबाईंच्या निगडीकडच्या मळ्यातून घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी आली होती. तीळ लावून बाजरीच्या भाकरी. मडके मात्र रिकामे करून, घासून, उपडे ठेवले. पाने मांडली, पाचही जण बसले. आक्काबाई उंबऱ्यात होत्या. मी वाढण्याआधी उभी राहिले.

म्हणाले, "वाढण्याआधी एक सांगायचं आहे. दोन महिने मी आमटीला देठा-सालींचं पाणी घालते. ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आणि तेवीस डिसेंबरला हिंदुरावांच्या ताटातली भाजीची वाटी मी त्यात ओतली. ते उष्टं होतं. सगळ्यांच्या पोटात गेलं. चूक माझी आहे. ज्याला उठायचं आहे त्याने उठावं, मला राग नाही."

कोणी हलले नाही. बबनराव खाली बघत म्हणाले, "मी पाहिलं होतं. मला वाटलं, रोज करता."

"एकदाच केलं."

"एकदाच, हे मी कशावरून मानू?"

"मानू नका. पण माझ्याकडे सांगायला तेवढंच आहे."

 मला वाटले, आता उठतील. त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवलाही. तेवढ्यात हिंदुराव खाकरले.

"बबनराव, त्या वाटीला माझं बोट लागलं न्हवतं. वाढल्याबरुबर कडंला सारली हुती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईंच्यासाठी."

मला कळेना. "माझ्यासाठी?"

"मग कुनासाठी? एक दिवस डबा इसरला म्हनून मी माघारी आलो. तुमी चुलीपाशी बसून पेज पीत हुता. नुसती पेज! टोपलीत भाकर न्हाई, भांड्यात भाजी न्हाई, समदं आमच्या पानात. तवाच ह्या पोरांस्नी सांगितलं, दोन-दोन भाकरी कमी खायच्या. भांड्यात ऱ्हायलं म्हंजे बाई जेवतील."

"आन् बाईंनी काय केलं?" ज्योतीरामला आता धरवेना. "सकाळी तीच भाकर कुटका होऊन आमच्यापुढं! भाजी मडक्यातनं आमटीत! आमी ठेवायलोत आन् बाई उकळून परत आम्हालाच पाजायल्यात. मी रोज फुटाण्यावर दिवस काढायलोय ओ! मला वाटलं, ह्या भाकरीला मरण हाय का न्हाई?"

आक्काबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाकीचेही हसले. मला हसता येईना आणि रडताही. मी म्हणाले, "पण आपल्या बोलीत माझ्या जेवणाचं काही ठरलं नव्हतं."

हसणे थांबले. हिंदुराव खरेच चकित झाले होते. "ठरवायचं? बाई, रांधनारनीचं पोट कुनी ठरवून घेतं व्हय? ते धरल्यालंच असतं. माझ्या बायकूनं बाजरी पाखडली तवाच तुमची भाकर त्यात धरली. जाताना इचारलं तिनं, किती मानसं? म्या सांगितलं, सात आन् बाई, आठ."

आठ. साडेचार महिने त्या धान्यात माझा वाटा होता आणि मी तो मोजून मोजून बाहेर ठेवत होते. मला वाटत होते मी प्रामाणिक राहते आहे. कऱ्हाडकडच्या ज्या बाईने मला बघितलेलेही नाही, तिचा शब्द मी रोज मोडत होते.

"एवढ्या शिकल्यात," आक्काबाई म्हणाल्या, "पन जेवायचं तेवढं शिकवलं न्हाई कुनी."

बबनराव बराच वेळ बोटाने ताटाच्या कडेवर रेघा ओढत होते. ते काय म्हणतात त्यावर माझे इथे राहणे अवलंबून होते, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी म्हणाले, "मी काय म्हणतो बाई. मला किळस आली होती ती आली होती. खोटं कशाला सांगू? ती एका दिवसात जायची नाही. पण तुम्ही न सांगता राहू शकला असतात, आणि खरं काय ते मला कधीच कळलं नसतं." त्यांनी तांब्या पुन्हा जवळ घेतला. "आमटी आज नको. भाजी वाढा."

"आधी बाईंचं पान," हिंदुराव म्हणाले. "वाढून झाकून ठिवा. मग आमाला. रोज असंच."

मी ताट घेतले. सात ताटे मी डोळे मिटून वाढू शकते. या एका ताटात किती वाढावे ते कळेना. एक भाकरी ठेवली आणि हात थांबला. आक्काबाई उठल्या, माझ्या हातातला चमचा घेतला, भाकरीवर भाकरी ठेवली, भाजीचा डोंगर केला, लोण्याचा गोळा घातला आणि वर परात झाकली. पाच पुरुष हात मांडीवर ठेवून ते होईपर्यंत थांबले होते.

१६ जानेवारी, बुधवार

बबनराव काल कामावरून परतताना माजघरात येऊन गेले. मडके बघितले, वास घेतला, वाळू चाचपली. मग पाय दुमडून बसले आणि मेथीचे देठ पाण्यात खळबळू लागले. तीन पाणी झाल्यावर म्हणाले, "अजून एक काढू." चौथे पाणी काढले. आज त्यांनी अर्धी वाटी आमटी घेतली. खोलीतल्या दोघांविषयी म्हणाले, "खरं काय ते मी सांगितलंय. यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील." ते योग्य आहे. आले नाहीत तर माझी तक्रार नाही.

लक्ष्मणला पत्र टाकले. लिहिले की येत नाही. खोली सारवलीस त्याबद्दल तुझी आणि वहिनीची जन्मभर आभारी राहीन. माझी काळजी करू नकोस, इथे आठ माणसांचे धान्य येते. शेवटचे वाक्य त्याला कळेल की नाही, शंका आहे. खोडावेसे वाटले नाही.

अजून एक शंका आहे, ती लिहून टाकते. दोन महिने माझ्या पाण्याने आमटी सुधारली म्हणून मी खूश होते. भुकेल्या माणसांना कोणतीही आमटी गोड लागते, आणि ही माणसे माझ्यासाठी भुकेली उठत होती. तेव्हा चव कशाची होती, हे आता मला कधीच समजणार नाही. समजले नाही तरी चालेल.

दुपारी सगळे कामावर गेल्यावर परात उचलली. तीन भाकरी, भाजी, आमटी, कांद्याची फोड, आणि कोणीतरी गुपचूप ठेवलेले मूठभर फुटाणे. तिसरी भाकरी जाईल असे वाटत नव्हते. हळूहळू, पाणी पीत, खाल्ली. पानात काही टाकले नाही.